मोठ्या बाईंविरुद्धची तक्रार

आमच्या मोठ्या बाईंनी अख्ख्या नोकरीत कुणाला 'नाही' म्हटल्याचं ऐकिवात नाही. 'हो' म्हटल्याचंही नाही. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून त्या दोनच शब्द बोलायच्या, "लिहून आण." शिपायाला रजा हवी असो की सहावीच्या वर्गाचं छत गळत असो, उत्तर तेच.

मी त्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. कॉलेजात पत्रकं लिहायला शिकले. पत्रकात प्रत्येक प्रश्नाला एक दोषी लागतो आणि तो मला लगेच सापडायचा. मागणी साधी होती. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, रामदासपेठेत, एक मोठा दवाखाना आहे. नरखेडकडून एसटीनं आलेली माणसं तिथं हातात कागद घेऊन चुकीच्या रांगेत उभी असतात. माझी मावशी अशीच तीन तास उभी होती. नंबर आला तेव्हा कळलं, ही खिडकी दुसऱ्याच आजाराची. नववीच्या मुलांनी शनिवारी दोन तास तिथं बसावं, लोकांचे फॉर्म वाचावेत, भरून द्यावेत, माणसाला योग्य खिडकीपर्यंत पोचवावं. मराठीच्या पुस्तकात अर्जलेखन आहेच. मुलं तो अर्ज काल्पनिक नगरपालिकेला पाठवतात आणि मोकळी होतात.

पहिला अर्ज मी 'शिक्षणाच्या तुरुंगाची दारं उघडा' अशा मथळ्याखाली नेला. बाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला.

"म्हणजे मी जेलर?"

"व्यवस्थेबद्दल आहे, बाई."

"व्यवस्था इथं सहीला बसत नाही, मी बसते. मुलांना रस्ता कोण ओलांडून देईल, ते लिहून आण."

रस्त्याचं लिहून नेलं. मग मुलींच्या बाथरूमचं. मग कुणाला भोवळ आली तर काय, त्याचं. एकदा त्यांनी विचारलं, "पोरगी फॉर्म भरून देते आहे, अन् त्या बाईचा नवरा आत संपला. पोरीनं काय करायचं?"

"बाई, हे मुद्दाम अडवणं आहे."

"असन." बाई नरखेड तालुक्यातल्या. मुद्द्यावर आल्या की त्यांची शाळेची भाषा सुटायची. "पण उत्तर काय वं?"

ते उत्तर शोधायला मला आठवडा लागला. दवाखान्यातल्या एका नर्सताईंना विचारून लिहून नेलं. बाईंनी कागद ठेवून घेतला आणि आठवा प्रश्न विचारला.

तेव्हा मी पत्रक काढलं. 'मोठ्या बाई, मुलांचे शनिवार मोकळे करा!' त्यात लालफीत होती, खुर्ची होती, 'निगरगट्ट' दोनदा होतं. सकाळी शाळेच्या फाटकावर चिकटवलं. दुपारी बोलावणं आलं. बाईंनी ओल्या फडक्यानं पत्रक न फाडता सोडवून टेबलावर वाळत ठेवलं होतं.

"खाली सही नाही तुझी," त्या म्हणाल्या. "सही नसली तर हा नुसता कागद. सही असली तर तक्रार. कर."

घाबरते की काय! सही केली, पत्ताही लिहिला. बाईंनी लिपिकाकडून त्यावर आवक शिक्का मारून घेतला. नोंदवहीत ओळ चढली: मुख्याध्यापिकेविरुद्ध तक्रार, विषय शनिवारचा उपक्रम.

जिन्यात लिपिकानं मला थांबवलं. "ताई, तुमचा अर्ज बाईंनी चारदा वर संस्थेकडे पाठवला. तिथले सचिवसाहेब शाळा समितीची बैठकच लावत नाहीत. अर्ज वर्षभर पडून राहू शकते. मुख्याध्यापिकेवरच्या तक्रारीची बैठक नाही टळू शकत, संस्थेचा नियमच हाय. पंधरा दिवसांत बसाच लागते साहेबाले."

 पत्रकात लिहिण्याजोगं मला काही सुचलं नाही.

बैठकीला तक्रारदार म्हणून मी होते, आरोपी म्हणून बाई. सचिव म्हणाले, "पालक विचारतील, पोरं शिकायला पाठवली की हमालीला?" बाई उभ्या राहिल्या आणि माझेच कागद एकेक करून वाचू लागल्या. रस्ता, बाथरूम, भोवळ. मग नवरा संपलेल्या बाईचा कागद आला: 'मुलीनं काही समजावू नये. पाणी आणून द्यावं, शेजारी बसावं, सोबतच्या शिक्षिकेला निरोप द्यावा.'

समितीत संत्र्यांचे एक दलाल होते. ते अशा बैठकांत सहसा चहापुरते जागे असायचे. ते म्हणाले, "माझी आई गेली त्या दिवशी मले कोणी पाणी नाही विचारलं."

सचिवांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. ठराव झाला: तक्रार निकाली निघेपर्यंत उपक्रम चालवावा. सचिवांचा अंदाज सरळ होता. बाई दोन महिन्यांत निवृत्त होणार. तक्रार डोक्यावर असलेल्या माणसाचा निरोप समारंभ संस्था करत नाही. तेव्हा बाई स्वतःच ती मिटवून घेतील, की शनिवारही मिटले.

पहिल्या शनिवारी नववीतल्या एका मुलीनं एका आजोबांना एक्स-रेच्या खिडकीशी नेलं आणि त्यांची पिशवी सांभाळत बाहेर बसली. आजोबांनी निघताना तिला दोन संत्री दिली. तिनं ती घ्यावीत की नाही, याचा नियम आमच्या कागदांत नव्हता. बाईंनी तोही लिहून मागितला.

निवृत्तीच्या आठवड्यात मी तक्रार मागे घेत असल्याचं पत्र घेऊन गेले. बाईंनी ते वाचलं, चार तुकडे केले.

"निगरगट्ट लिवलं होतं नं? मंग आता खोडतं काहून?"

"बाई, तुमचा समारंभ..."

"शाल हाय माह्याजवळ."

समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ल्या लिपिकाला दिल्या, डबा पिशवीत टाकला आणि फाटकाबाहेर ऑटो थांबवला. मी तिथंच उभी होते. माफीचं भाषण तयार होतं.

"उद्या शनिवार आहे," त्या म्हणाल्या. "लवकर झोप."

दर जूनमध्ये संस्थेचं पत्र येतं. जुनी तक्रार प्रलंबित आहे, तक्रारदाराचं समाधान झालं असल्यास तसं कळवावं. मी सही करून कळवते की समाधान झालेलं नाही.