सैल करून ठेवलेला पाना

माझी बायको एसटीने माहेरी जायची आणि मी रिकामी मोटार घेऊन त्या एसटीच्या मागे जायचो. नव्वदच्या दशकात आमचं पेण ते तिचं माहेर खांब या रस्त्यावर असा हास्यास्पद नवरा दुसरा नसेल. पण ती ऐकायला तयार नव्हती, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नव्हतं.

झालं होतं असं. सेकंडहँड मोटार घेऊन वर्षही झालं नव्हतं. वाटेत गडब गावात पुढचं डावं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने चाक बसवलं, पान्याच्या दांड्याला पाइप लावला आणि त्यावर चक्क उभा राहून हिसके दिले. "आता बापजन्मात निघायचं नाय," तो म्हणाला. मला बरं वाटलं. जितकं घट्ट तितकं चांगलं, असंच आम्ही सगळे समजायचो. महिन्याभरातच खांबच्या अलीकडे ते ताणलेले बोल्ट तुटले आणि पुढचं डावं चाक आमच्या आधी भातखाचरात उतरलं. बायको त्याच बाजूला बसली होती. तिला खरचटलंही नाही. ती दार उघडून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी नाय बसायची आता ह्यात."

मी नवे बोल्ट घातले, नट स्वतः आवळले. तरी तिचा प्रश्न एकच.

"बरोबर आवळलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला कळतं गो."

"त्याच्यापण हाताला कळत होतं."

उत्तर होतं ते रोह्याला आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, कपाटात कुलूपबंद: टॉर्क रेंच. मूठ फिरवून आकडा लावायचा, नट आवळायचा. हवा तेवढा जोर झाला की पाना हातात टक् करतो. मग थांबायचं. असा पाना आपल्या घरी असला तरच ही बाई मोटारीत बसेल, हे मला कळून चुकलं. प्रश्न होता परवडण्याचा. आणि माझा स्वभाव असा की स्वस्त म्हटलं की मनात पाल चुकचुकते.

पेणच्या हार्डवेअरवाल्याकडे एक नवाकोरा, संशय यावा इतका स्वस्त पाना होता. मी आकड्यांवरून अंगठा घासला, तर काळा रंग अंगठ्याला आला. "आकडे पुसले तरी पाना तोच राहतो ना," दुकानदार म्हणाला. मी पाना परत ठेवला. रोह्याच्या भंगारवाल्याकडे दणकट, जुना, चांगल्या कारखान्यातला वाटावा असा मिळाला. पण मूठ सगळ्यात वरच्या आकड्यावर गंजून अडकली होती. आतली स्प्रिंग वर्षानुवर्षं दाबलेली राहिली की थकते, मग टक् कधी होईल याचा भरवसा नाही. शिवाय हा आला कुठून विचारलं तर तो चहावाल्याला हाका मारायला लागला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तेवढ्यात कंपनीत कळलं की रोह्याजवळच्या एका गावातले बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, काका कायमचे इस्रायलला मुलाकडे चाललेत आणि सामान विकतायत. आयुष्यभर फिटर होते, टॉर्क रेंचही आहे. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस एकदा विमानात बसला की त्याला गाठायचं कुठे? खराब माल गळ्यात मारायला याहून सोयीची वेळ नाही.

माझी सुट्टी शनिवारी असे, म्हणून शनिवारी गेलो. काका ओटीवर पांढऱ्या कपड्यांत बसले होते.

"आज व्यवहार नाय," ते म्हणाले. "शब्बाथ हाय."

यांच्यात शनिवारी कामाला आणि पैशाला हात लावत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. मीच विसरलो होतो. तरीही मला वाटलं, एक दिवस हवाय याला, पाना ठाकठीक करून ठेवायला. मी म्हटलं, "नुसता बघितला तर चालेल?"

त्यांनी आतल्या फळीकडे बोट दाखवलं. मी पाना उचलला. पहिल्यांदा मूठ पाहिली. ती सगळ्यात खालच्या आकड्यावर होती.

"शुक्रवारी दिवे लागायच्या आत सगळी हत्यारं जागेवर," काका म्हणाले. "आणि हा सैल करूनच. त्यालापण शब्बाथ."

म्हणजे या स्प्रिंगने एकही शनिवार ताणात काढला नव्हता. मला पाना आवडला, आणि आवडल्यामुळे आणखीच संशय आला. काका म्हणाले, "घेऊन जा. घरी तपासा. पटला तर पैसे आणून द्या."

घरी आल्यावर शिकंज्यात एक बोल्ट आवळला, त्यावर पाना आडवा लावला, मुठीला पिशवी टांगली. हिशेब सोपा होता: अर्ध्या मीटरच्या दांड्याला ठरावीक वजन टांगलं की ठरावीक आकड्याला टक् व्हायला हवं. वजनाला तांदूळ घेतले. वाण्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, म्हणून ते दुसऱ्या वाण्याकडे पुन्हा तोलून आणले. बायको वाटीवाटीने तांदूळ पिशवीत ओतत होती. पिशवी भरत आली आणि पाना टक् झाला. जिथे व्हायला हवा होता तिथेच.

"परत," ती म्हणाली. पुन्हा ओतले. पुन्हा तिथेच.

तिने तांदूळ डब्यात भरले. मग विचारलं, "किती दिले?"

"अजून काहीच नाही. त्यांनी घेतलेच नाहीत."

"तुमचं नाव, पत्ता लिहून घेतला त्यांनी?"

मी आठवून पाहिलं. "विचारलं नाही."

मी दोन वाण्यांकडे तांदूळ तोलून आलो होतो, आणि त्या माणसाने मला नावही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"उद्या पैसे द्यायला मीपण येते," ती म्हणाली.

"सकाळची एसटी आठला आहे."

"एसटी कशाला?"

रविवारी माझी दुपारची पाळी होती. सकाळी मी चारही चाकं आवळली, प्रत्येक नटाचा टक् तिने शेजारी उभं राहून ऐकला. मग पाना मांडीवर घेऊन ती डाव्या बाजूला बसली. गडबला तिने मोटार थांबवायला लावली, पंक्चरवाल्याच्या अगदी समोर, आणि पुढच्या डाव्या चाकाचे नट माझ्याकडून पुन्हा तपासून घेतले. पाना परत घेतला, मूठ फिरवून खालच्या आकड्यावर आणली आणि म्हणाली, "चला, काका वाट बघत असतील."