तात्यांची बिनबुडबुड्याची सिरिंज

अंथुर्ण्याचे जोतीरामतात्या ज्या सबस्टेशनात कामाला होते, तिथं त्यांची नक्कल सगळ्यांना यायची. घसा खाकरायचा, मिशीवरनं बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "आपल्या शिरंजीत बुडबुडा न्हाय म्हंजी न्हाय."

ट्रान्सफॉर्मरच्या पोटातलं तेल काचेच्या सिरिंजमध्ये ओढून बारामतीच्या लॅबला पोचवायचं, हे तात्यांचं काम. आत कुठं ठिणग्या उडत असल्या की तेलात गॅस उतरतो. लॅब तो मोजते. तेल काढताना बाहेरची हवा शिरू द्यायची नाही, हा नियम तात्यांनी जरा जास्तच मनावर घेतला होता. वाटेत चहाला थांबले की ते सिरिंज उजेडात धरत. तेल गार होता होता एखादा बुडबुडा जमलेला असे. म्हशीला टोचण्याआधी जनावरांचा डॉक्टर करतो तसं सिरिंज उभी धरून, तोटी उघडून, अंगठ्यानं तो हळूच बाहेर काढत. चहावाल्यालाही दाखवत.

त्या दिवशी लॅबमधल्या श्रेयासमोर त्यांनी ही करामत सांगितली. डाळजच्या सबस्टेशनाकडून आलेल्या सिरिंजमध्ये भला मोठा बुडबुडा होता. "त्यांना शिकवा जरा," म्हणून हसलेही.

श्रेया हसली नाही. "तात्या, नंतर जमतो तो तेलातूनच सुटलेला गॅस. आम्हाला तोच तर हवा असतो. तुम्ही दर वेळी सोडून देता?"

तात्यांचे कान तापले. व्हय म्हणायलाही घसा खाकरावा लागला.

तात्यांच्या सबस्टेशनातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचा रिपोर्ट कायम ठणठणीत यायचा. त्याच भरवशावर इंजिनियर रणजितसाहेब आज दुपारी शेजारच्या सबस्टेशनचा लोड त्याच्यावर टाकणार होते. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. उद्या तो उडाला, तर जुनाच होता म्हणाले असते. तात्यांनी बाहेर येऊन फोन लावला.

"साहेब, लोड टाकू नका."

"का हो? रिपोर्ट तर चांगलाय."

"माज्यामुळं चांगलाय. गॅस मी वाटंतच सोडत आलोय."

साहेब लोड थांबवतो म्हणाले, नवा नमुना घ्या म्हणाले. शिवी हासडली असती तर तात्यांना बरं वाटलं असतं.

सबस्टेशनात बातमी आधीच पोचली होती. एरवी नक्कल करणारे सगळे भलतेच कामात होते. तात्यांनी तेल काढलं आणि लाइनमन रामच्या मोटारसायकलवर मागं बसले. वाटेत सिरिंजमध्ये बुडबुडा जमू लागला. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा, मग हरभऱ्याएवढा. टपरीपाशी राम सवयीनं थांबला.

"काय तात्या," चहावाला म्हणाला, "आज काढून दावत न्हाय?"

तात्यांनी सिरिंज खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळली.

"चल रं," ते रामला म्हणाले, आणि बारामती येईस्तोवर त्यांनी मान वर केली नाही.