कोल्हापूरची ट्रायल आणि माझा शेवटचा पास

चौतिसाव्या वर्षी फुटबॉलच्या ट्रायलला जाऊ नये, हे मलाही कळतं. तरी निघालो. आजवर नऊ क्लब झाले. गोवा, कोलकाता, शिलाँग, केरळ, सगळीकडे मिडफिल्डला राबलो. दोन हंगामांपेक्षा जास्त कुणी ठेवलं नाही. वर्षभर तर गारखेड्यात घरीच आहे. कोल्हापुरात एका नव्या क्लबला खेळाडू हवेत असं कळलं, तेव्हा बायकोला, वैशालीला म्हणालो, "ही शेवटची. नाही झालं तर खेळ बंद."

"मागच्या टायमालाबी हेच म्हणले व्हते तुम्ही," ती म्हणाली आणि दशम्या बांधायला लागली.

सकाळची पुण्याची एसटी धरली. डावीकडची खिडकी घेऊ नका, नगरपर्यंत ऊन तोंडावर येतं. सोबत शहागंजचा इम्रान होता, पंचविशीतला स्ट्रायकर. नेवासा फाट्यावर चहा पिताना मी त्याला शहाणपण शिकवलं. "ट्रायलमध्ये पास द्यायचा नसतो. चेंडू ज्याच्या पायात, तोच वही घेऊन बसलेल्या कोचला दिसतो. गोल दिसला की मारायचा."

"मग तुमचं कसं, भाई? तुमचं तर कामच पास देण्याचं हाय."

"मीपण मारणार," मी ठणकावून सांगितलं.

पुण्यात वाकडेवाडीला उतरून स्वारगेट गाठण्यातच तासभर मोडतो, तेवढा हिशेबात धरा. कोल्हापुरात स्टँडजवळ लॉज मिळतात. खोली मागच्या बाजूची मागा, नाहीतर हॉर्न ऐकत पडावं लागतं. मिसळीचं म्हणाल तर मी काही सांगू शकत नाही. ट्रायलआधी खायची हिंमत नव्हती, आणि नंतर दोन घासांवर ताट सरकवलं.

मैदानावर चाळीसेक जण होते. कोच माझ्याहून लहान. "काका, गुडघे ठीक आहेत ना?" त्यानं विचारलं. मी हसलो. प्रत्येक गटाला अर्धा तास. कुणी कुणाला चेंडू देईना, नुसती हाणामारी. शेवटी शेवटी मी एकाच्या पायातून चेंडू काढला, दोघांना चकवलं आणि समोर फक्त गोलकीपर राहिला. मारायचं ठरलेलंच होतं. पण डावीकडे इम्रान मोकळा दिसला आणि पाय वळलाच. त्यानं आरामात गोल केला, पळत येऊन मला उचललं.

कोच वहीत लिहीत होता. मी पाणी प्यायला त्याच्या मागेच उभा होतो.

"पास कुणी दिला रे?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"लक्ष नव्हतं, सर."

निवडलेल्यांत इम्रानचं नाव होतं. माझं नव्हतं. तो कागदपत्रांसाठी थांबला, माझा हात सोडेना. मी एकटाच परत निघालो. कराड, सातारा कधी गेलं कळलं नाही. घाटात मात्र रडलो, खिडकीकडे तोंड करून.

घरी वैशालीला सगळं सांगितलं.

"तुम्ही काऊन नाय मारला?"

"इम्रान मोकळा होता."

"अन् तुम्ही?"

मी पिशवीतून बूट काढायला लागलो. ट्रायलला निघालेल्यांनो, तुम्ही गोल मारा. मी मारला नाही म्हणून रडत नाहीये. तोच चेंडू उद्या पुन्हा पायात आला, तरी मी पासच देईन, हे मला कळून चुकलंय, आणि असा माणूस आता कुणालाच नकोय.