काठ्या उपटल्या त्या दिवशी

काठीवाले काका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचाराल तर गावातली चार माणसंही सांगू शकणार नाहीत. बेटापुढच्या खाडीतली वाळू सारखी जागा बदलते. दर पंधरवड्याला ओहोटीत कमरेइतक्या पाण्यात उतरायचं, पायाने तळ चाचपायचा आणि होड्यांसाठी खोल वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवायच्या, हे काम काकांनी चाळीस वर्षं केलं. एक होडी कधी रुतली नाही. याचा त्यांना भारी गर्व, आणि का नसावा?

त्या सकाळी मात्र ते काठ्या उपटत होते. गावच्या होड्या काठावर ओढून झाल्या होत्या. दुपारच्या भरतीला लष्कराची मालवाहू बोट येणार होती, धावपट्टीची यंत्रं घेऊन. काकांच्या वडिलांच्या काळात लष्कराने अर्धं बेट 'दोन वर्षांसाठी' घेतलं. ती दोन वर्षं अजून संपताहेत. आता उरलेल्या अर्ध्यावर डोळा. यंत्रं एकदा उतरली की घरं गेलीच, हे शेंबडं पोरही सांगेल.

"उपटता कशाला? दहा हात सरकवा ना," शेजारचा सुतार म्हणाला. "बसू दे रुतून."

"खोटी काठी मी रोवणार नाही. बोटीवर माणसं असतात."

माणसं म्हणजे कोण, हे सुतारालाही ठाऊक होतं. सुकाणूवर काकांचा धाकटा भाऊ होता, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने ती नोकरी धरली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि खरी मेख तिथेच होती. धाकट्याला काठ्या लागतच नव्हत्या. पाण्याच्या रंगावरून खोली ओळखायला काकांनीच त्याला शिकवलं होतं. मनात आणलं असतं तर त्याने बोट सरळ आत घातली असती.

दुपारी बोट खाडीच्या तोंडाशी येऊन थांबली. काका आपल्या होडीत, हाकेच्या अंतरावर.

"इथलाच ना तू? घे आत," अधिकारी धाकट्यावर खेकसला.

धाकट्याने काकांकडे पाहिलं. मग कितीतरी वेळ पाण्याकडे.

"काठ्या नाहीत, साहेब. मला वाट माहीत नाही."

"बेटावरचा असून?"

"मला ते कधी जमलंच नाही."

दोन शिपाई फिदीफिदी हसले. या पोरासारखा सुकाणूवाला अख्ख्या किनाऱ्यावर नाही, हे ओरडून सांगावंसं काकांना फार वाटलं. बोट वळून दिसेनाशी होईपर्यंत ते तोंड मिटून बसून राहिले.