पलीकडचा कुकारो

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. वालावलच्या बाजूला खाडीकाठच्या एका शाळेत मी मास्तर होतो आणि होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्याच्या घरात भाड्याने राहत होतो. होडी लागायची तिथे ते एकच घर. पलीकडच्या माणसाला अलीकडे यायचं असलं की तो काठावर उभा राहून कुकारो घालायचा, म्हणजे लांबलचक आरोळी द्यायचा, आणि तारी होडी सोडायचा. पण हल्ली तो कानांनी अधू झाला होता. पूर्वी बायको ऐकून सांगायची. तिने अंथरूण धरल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी मी ओट्यावर वह्या तपासत बसायचो आणि तो मधूनमधून विचारायचा, "मास्तरांनू, हाक इली काय?"

पहिल्याच आठवड्यात मी तोंडघशी पडलो. छातीठोकपणे "आली" म्हणालो. म्हातारा ओहोटीच्या पाण्यातून पलीकडे गेला, तर तिथे चिटपाखरू नव्हतं. परतताना होडी चिखलात रुतली आणि भरती येईपर्यंत तो तसाच होडीत बसून राहिला. तो काही बोलला नाही. बोलला तो गाव. "मास्तरांका टिटवी पण हाक मारता!" वर्गात मागच्या बाकावरून पोरं बारीक आवाजात कुकारे घालू लागली. मी वरवर हसायचो, आतून नुसता जळफळाट व्हायचा. दोघा-तिघांना छड्याही दिल्या, गणित चुकलं असं सांगून.

मग मी ठरवलं, दोन-तीनदा स्पष्ट ऐकू आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्यापायी एक-दोन माणसं पलीकडे ताटकळली. पण ताटकळलेल्या माणसांवरून गाव मला हसत नव्हता.

मार्गशीर्षात म्हातारीचं जास्त झालं. एकुलती लेक खाडीपलीकडे दिलेली. तिला निरोप गेला होता. म्हातारी दर थोड्या वेळाने दाराकडे बघून विचारत होती, "चेडू इला?"

दिवस मावळता मावळता वाऱ्यावरून काहीतरी आलं. बारीक, चिरकं, अर्धवट. मी टाक खाली ठेवला. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"इली?"

"थांबा जरा."

"पाणी उतरूक लागला. आता गेलंय आणि थंय कोण नसला, तर भरतीपर्यंत अडकतलंय. हिच्याकडे कोण बघतला? नक्की काय ता सांगा."

पुन्हा तोच आवाज आला, आधीपेक्षा क्षीण. मला वाटलं, ही हाकच आहे. खरंच वाटलं. आणि नेमकं तेव्हाच डोळ्यांपुढे आलं ते वर्गातलं मागचं बाक.

"टिटवी असावी," मी म्हणालो.

आजारी बाईजवळ नवरा असावा म्हणून मी तसं बोललो, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला माझं हसं होण्याची भीती वाटली, बस्स.

म्हातारी पहाटे गेली. उजाडल्यावर भरतीबरोबर लेक कुणाच्या तरी होडीतून आली. अंगणात जमलेली माणसं बघून तिला सगळं कळलं. रडणं जरा ओसरल्यावर ती बापाला म्हणाली, "काल तिन्हीसांजा कुकारे घालून घालून थकलंय, बाबा. होडी कित्याक हाडलास नाय?"

"मास्तर कान देऊन बसलेले गो," म्हातारा म्हणाला. "त्यांका आयकाक येवक नाय. तूच हळू घातलंस असतलंस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, बाई, मी ऐकली होती तुझी हाक. अंगणात सगळा गाव उभा होता. मी पायांकडे बघत राहिलो.

"व्हय, बाबा," ती म्हणाली. "रडान रडान माजो आवाजच बसलेलो."