पाच अंकांत न घेतलेलं नाव

मालिनेओने चाळिशी ओलांडल्यावर कॉलेजात नाव घातलं, तेव्हा गावातल्या बायकांनी तोंडावर घोंगडी ओढून पोटभर हसून घेतलं. वर्गातली विशीतली पोरं तिला 'म्मे' म्हणायची, म्हणजे आई. त्यात मान होता, थोडी चेष्टाही होती. यंदा सुट्टीनंतर परत निघताना सासऱ्याने बजावलं होतं, "इंग्रजीत एकदा आपटलीस. पुन्हा आपटलीस तर मुकाट परत ये आणि मेंढरं सांभाळ."

सासऱ्याचं नाव मेत्सिंग, म्हणजे पाण्यात. आमच्या बासोथो लोकांत सून सासऱ्याचं नाव घेत नाही, 'न्ताते' म्हणजे बाबा म्हणते; नावात दडलेला शब्दही घेत नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी मालिनेओ पाण्याला 'ओलं'च म्हणायची. "ओलं उकळलं का गं?" असं ती विचारी आणि वसतिगृहातल्या पोरी फिदीफिदी हसत. हसू देत. जिभेला वीस वर्षांचं वळण पडलेलं, ते पोरींच्या हसण्याने थोडंच मोडणार होतं!

तोंडी परीक्षेला नेमलेलं नाटक दोनशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी. एडमंड हॅरो नावाचा गिरणीमालक आणि त्याच्या घरातली विधवा सून. पाच अंक ती वाढते, पुसते, ऐकून घेते आणि शेवटच्या पानावर "चालले मी, एडमंड हॅरो" म्हणून घर सोडते. गाइडात लिहिलं होतं की नाटकाचा विषय आज्ञाधारकपणा, सुनेला स्वतःचा आवाज नाही आणि शेवट ओढूनताणून आणलेला.

"म्मे, गाइड घोकून टाक आणि मोकळी हो," तिच्या खोलीतली लिम्फो म्हणाली. "पास तर होशील!"

"गाइड लिहिणारा कधी कुणाची सून होता का?" मालिनेओने विचारलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

तिने सगळं नाटक पेन्सिलीने रेघोट्या मारत वाचलं. दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत जो तो म्हाताऱ्या हॅरोचं नाव घेत होता. सून त्याच्याविषयी एकसष्ट वेळा बोलत होती. 'मालक' म्हणत होती, 'ते' म्हणत होती, नाव मात्र शेवटच्या पानापर्यंत एकदाही नाही. आणि दर वेळी बोलण्याआधी कंसात सूचना होती: हातातलं खाली ठेवते. मालिनेओ पुन्हा पहिल्या पानावर आली.

परीक्षा घ्यायला इंग्रजीचे फाकिसी सर होते. "नाटकाचा विषय सांगा."

"राग," मालिनेओ म्हणाली. "सुनेचा."

सरांनी चष्मा काढला. "म्मे, ही इंग्रज बाई आहे. तिच्याकडे आपली रीत नाही. नाटक सोडून तुम्ही तुमचं गाव वाचताय. गाइडात आहे ते सांगा, म्हणजे मी पास करून मोकळा होतो."

तिच्या डोळ्यांपुढे मेंढरं उभी राहिली. दोन वाक्यांत सुटका होती, आणि ती दोन वाक्यं तिला पाठही होती. पण खोटं ते खोटंच.

"नाही सर. रीत नसेल तिची. पण एकसष्ट वेळा नाव टाळणं आणि दर वेळी हातातलं खाली ठेवणं हे लिहिणाऱ्याने झोपेत लिहिलेलं नाही. ती गप्प नाहीये. स्वतःला आवरून धरतेय."

"मग पाच अंक थांबते कशाला?"

"तो विचारील म्हणून."

"काय विचारील?"

"जेवलीस का, एवढंच. सगळ्या घराला ती वाढते, सर. तो एकदाही विचारत नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. शेवटी तिला कळतं की हा कधीच विचारणार नाही. मग त्याचं नाव टाळायचं कुणासाठी?"

सर बराच वेळ पानं मागेपुढे करत राहिले. "एकोणीस वर्षं शिकवतोय मी हे," ते पुटपुटले आणि त्यांनी मार्क लिहिले. गेल्या खेपेच्या दुप्पट होते.

बाजारातून मक्याचं पीठ घेऊन परतताना तिने घरी फोन लावला.

"काय झालं?" सासऱ्याने विचारलं.

"पास झाले, न्ताते."

"काय सांगितलंस असं?"

सांगावं की नाही, असं तिला क्षणभर झालं. पण परीक्षेत बोलले ते घरी गिळायचं, हे तिला पटेना. तिने सगळं सांगितलं, त्या न विचारलेल्या प्रश्नासकट.

पलीकडे कुत्रं भुंकत होतं. आता बोलणी खावी लागणार, असं तिने मनात धरलं. मग खोकल्याचा आवाज आला.

"मालिनेओ."

"जी, न्ताते."

"जेवलीस का?"

मालिनेओने हातातली पिठाची पिशवी खाली ठेवली.

"नाही अजून," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात?"