बांधावरचं ते जनावर

आमच्या वर्बोवा गावात रेझाकाकूशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पाद्रीबाबा हरले, पोस्टमन हरला, आणि वीज तोडायला आलेला माणूस वीज न तोडता तिच्या हातची मिरचीच्या लोणच्याची बरणी घेऊन परत गेला. नवरा गेला, मुलगा आयर्लंडला गेला. घरात उरली ती आणि तिचं कुत्रं झुचो. पिवळट-करडं, टोकदार कानांचं, कुठल्याच जातीत न बसणारं. काकू दिवसभर त्याच्याशी बोलत असते आणि माझं घर भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मला ते सगळं ऐकावं लागतं. "झुचो, आज बटाटे लागले रे खाली, चालतील का तुला?" असं. मला माझ्या घरात इतक्या अदबीनं कोणी विचारत नाही.

शनिवारी हीच काकू शिकारी मंडळाच्या घरात मोठ्या काळ्या कढईत घेवड्याचा रस्सा रटरटवते, धुरावलेलं डुकराचं मांस घालून. मंडळाचे निम्मे सभासद शिकारीसाठी येतात आणि निम्मे रश्श्यासाठी. मी दुसऱ्यांपैकी. बंदूक मला जमत नाही; त्याच इमारतीत अग्निशामक दलाचा बंब आहे, त्याची देखभाल मी करतो.

तर त्या वर्षी शरदात जुकाची कोकरं जायला लागली. जुका म्हणजे काकूच्या मुलाचा धर्मबाप, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर घेणारा. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं, त्या घराशी भांडण करायचं नसतं. म्हणून पहिलं कोकरू गेलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. दुसरं गेलं तेव्हा दारूच्या गुत्त्यात बसून म्हणाला, "मी पाहिलंय त्याला. संध्याकाळी, सावा नदीच्या बांधावर. पिवळट, करडं, कान उभे, शेपटीचं टोक काळं."

झालं! गाव पेटलं. कोणी म्हणालं, लांडगा. पण लांडगा एवढासा नसतो. कोणी म्हणालं, खोकड. पण खोकड एवढं मोठं नसतं. कोणी म्हणालं, सर्कशीतून सुटलंय. आमच्या न्हाव्याने तर छातीठोकपणे सांगितलं की, सरकार रात्री हेलिकॉप्टरमधून हिंस्र जनावरं सोडतंय, त्याच्या मेव्हण्याने स्वतः पाहिलं. लव्हाळ्यातून अधूनमधून पोरं रडल्यासारखे आवाज येत, त्यालाही प्रत्येकाने आपापलं भूत लावून टाकलं. इतकी मजा गावात कित्येक दिवसांत आली नव्हती, खरं सांगतो.

तिसरं कोकरू गेल्यावर मात्र जुकाने ग्लास आपटला. "कसलं हेलिकॉप्टर अन् कसली सर्कस! ते रेझाचं कुत्रं आहे!"

आणि सगळी मजा तिथेच संपली. कारण आमच्या गावात मेंढीला तोंड लावलेलं कुत्रं ठेवत नाहीत. मालकाने त्याला स्वतः दोरी बांधून विलोच्या राईत न्यायचं, मागून एक शिकारी जातो, आणि मालक एकटा दोरी घेऊन परत येतो. या नियमाला कधी कोणी नाही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने मला कुंपणावरून हाक मारली. "मातो! चहा नंतर पी, आधी इकडे ये!"

ती मला आणि झुचोला थेट जुकाच्या गोठ्यामागे घेऊन गेली. तिथे चिखलात तिने धुण्याचं टोपलं पालथं घातलं होतं. ते उचललं. खाली पंजाचा ठसा. तिने झुचोचा पुढचा पाय धरून शेजारी दाबला.

"बघ. माझ्या पोराची चार बोटं, चारही सुटी. आणि ह्याची मधली दोन मागून चिकटलेली. दिसतंय की नाही?"

दिसत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणजे काहीतरी होतं तिथे, आमच्यात वावरत होतं आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं! मी धावत जाऊन मंडळाच्या अध्यक्षांना, इलियाला, घेऊन आलो. तो वाकला, चष्मा लावला, उठला.

"चिखलात बोटं चिकटतातच, वहिनी."

"हो का? तुमचे बूट काढा बरं, बघू बोटं चिकटलीत का!"

इलिया हसला, पण मान हलवून निघून गेला. मग काकूने शेवटचा पत्ता टाकला. "माझ्या झुचोला राईत न्यायचं असेल तर आधी कोर्ट भरवा. शनिवारी. सगळ्यांसमोर."

हे कोर्ट म्हणजे आमच्या शिकाऱ्यांची जुनी गंमत. शिकारीवरून परतलं की अध्यक्ष डोक्यावर टोपी उलटी घालून न्यायाधीश होतो. कोणी वाऱ्यावर गोळी झाडलेली असते, कोणी झोप काढलेली असते, त्यांच्यावर खटला चालतो आणि दोषी माणसाला मारलेल्या डुकरावर पालथं झोपवून काठीचे तीन फटके देतात. हसण्यासाठी असतं सगळं. पण तिथला निकाल मोडायचा नाही, हेही तितकंच पक्कं. काकूला हे माहीत होतं. जुकालाही.

शनिवारी खोली खच्चून भरली. कढई एका कोपऱ्यात, मध्ये रानडुक्कर, आणि त्याच्या शेजारी दोरीला बांधलेला झुचो. तो बिचारा डुकराचा वास घेत शेपटी हलवत होता. इलियाने टोपी उलटी केली, पण या वेळी कोणी हसलं नाही.

"जुका, तुझी साक्ष."

"मी डोळ्यांनी पाहिलं. हेच कान, हीच शेपटी. या मुलखात असं दुसरं जनावर नाही. असेल तर दाखवा, मी आत्ता इथे डुकरावर झोपतो." आणि मग काकूकडे न बघता हळूच म्हणाला, "मला काय आनंद होतोय का गं, रेझा?"

"आनंद नाही तर गप्प बस ना मेल्या! अंधारात तुला तुझी बायको ओळखू येत नाही, कुत्रं काय ओळखणार तू! झुचोच्या शेपटीला काळं टोक आहे? हे बघ! आहे का?"

"मळलं असेल तेव्हा."

"तोंड मळलंय तुझं!"

इलियाने टेबलावर हात आपटला. "वहिनी, पुरावा काय? हे नाही, तर कोण?"

काकूने झुचोची दोरी हाताला गुंडाळून घेतली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला वादात हरताना पाहत होतो. इलियाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणजे निकाल ठरला होता. मला तिथे बसवेना. घड्याळात बारा वाजत आले होते, महिन्यातला पहिला शनिवार होता, आणि पहिल्या शनिवारी भर दुपारी आगीचा भोंगा वाजवून बघायचा हे माझं काम. वसंतापासून तो बंद पडला होता, त्याच आठवड्यात मी दुरुस्त केला होता. मी दाराशेजारचं बटण दाबलं.

भोंगा चढत चढत गेला, थरथरला, उतरला. आणि तो पुरता थांबायच्या आत सावाकडच्या लव्हाळ्यातून उत्तर आलं. आधी एक लांब हेल, मग दुसरा, मग एकदम चार-पाच गळे, ओरडतायत की रडतायत की हसतायत कळेना, एकात एक मिसळून वर वर चढत गेलेले. खोलीतले सगळे जागच्या जागी थिजले. झुचोच्या मानेवरचे केस उभे राहिले, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"खिडकी!" मी ओरडलो.

सगळे खिडकीवर तुटून पडलो. बांधावर, ढगाळ उजेडात, एक जनावर वर चढून आलं होतं. पिवळट, करडं, कान उभे. मान वर करून गावाकडे बघत होतं, जणू विचारत होतं की कोण रे तो ओरडला? त्याच्या मागून दुसरं आलं, मग तिसरं.

"तेच! तेच ते!" जुका खिडकीच्या काचेवर बोट आपटत किंचाळला. "तेच, मी सांगत होतो ना, हेच कान, शेपूट बघा, काळं…" आणि मग तो थांबला. हळूच वळून पायाशी बघितलं. झुचो त्याचा बूट हुंगत होता.

इलियाचा आवाज फुटला. "अरे, हे तर कोल्हे! सैन्यात असताना तिकडे समुद्राकाठी पहाऱ्यावर रोज ऐकायचो मी ही कुई! दिसला कधी नाही, नुसता ऐकला. इथवर कसे आले हे? इथवर!" म्हातारा लहान पोरासारखा उड्या मारत होता. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी राकियाची बाटली उघडली, न्हावी ओरडला की हेलिकॉप्टरमधूनच आले असणार. मी आयुष्यात बरेच भोंगे वाजवले, पण असा आनंद कधी झाला नाही.

जुका कोणी सांगायची वाट न बघता डुकरावर पालथा झोपला. "दे, रेझा. जोरात दे."

काकूने काठी घेतली. पहिला फटका सणसणीत बसला, खोली हसली. दुसरा जेमतेम लागला. तिसरा बसलाच नाही. काकू काठी टाकून बाहेर निघून गेली, झुचोला दोरीसकट ओढत.

मी मागोमाग गेलो. ती मागच्या पायरीवर बसली होती, कुत्र्याचं डोकं मांडीत घेऊन, आणि हमसून हमसून रडत होती.

"काकू, अगं जिंकलीस ना! आता कशाला?"

"त्या तिसऱ्या कोकराच्या दिवशी पहाटे हा घरी आला तेव्हा तोंडाला रक्त होतं, मातो. कान मुळाशी फाटलेला, केसांत झाकला गेलेला. मी एप्रननं पुसलं आणि कोणाला बोलले नाही."

"आणि ते ठसे?"

"ठशांवर माझा कुठे विश्वास होता? बुडताना हाताला लागलं ते धरलं. मला वाटत होतं, यानंच केलं." तिने फाटलेल्या कानावर बोट फिरवलं. "आणि हा बिचारा तिथे त्यांच्याशी एकटा झुंजून आला होता."

"मग भर कोर्टात एवढी भांडलीस कशी?"

"माझा आहे म्हणून," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे वाकली. "झुचो, सगळ्या गावाआधी मीच तुला चोर ठरवलं रे. माझं चुकलं."

झुचोने तिचं ओलं तोंड चाटलं, आणि ती त्याला घट्ट धरून बराच वेळ तशीच बसून राहिली.